दगडफुलाविना मसाला

कोणी चुकलं की मला गप्प बसवत नाही. सातपूरच्या एका कारखान्यात तयार झालेले भाग मापून बघायचं माझं काम. माप चुकलं की माल परत, इतकं सोपं. ही खोड घरी येतानाही माझ्याबरोबर येते. पाटीवरचं शुद्धलेखन, शेजारणीने तुळशीला घातलेलं जास्तीचं पाणी, वहिनीने चुकीच्या बाजूने कापलेली भेंडी, सगळ्यावर माझं मत असतं. आई म्हणते, या पोरीच्या जिभेला साप्ताहिक सुट्टीसुद्धा नाही.

काही वर्षांपूर्वी मला दगडफुलांचं वेड लागलं. आमचा चार-पाच जणांचा गट आहे. लोक रविवारी पक्षी बघायला जातात, आम्ही झाडांच्या साली बघायला जातो. दगडफूल हे फूल नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र थाटलेला संसार आहे तो. बुरशी घर देते, शेवाळ अन्न शिजवतं. हवा बिघडली की हा संसार आधी मोडतो. आमच्या कारखान्यासमोरच्या झाडांची खोडं कशी स्वच्छ आहेत, नको इतकी स्वच्छ. पेठच्या रस्त्याने घाट चढायला लागलं, की जुन्या आंब्यांवर राखाडी, हिरवट झालरी दिसू लागतात. नखाएवढी झालर वाढायला वर्षानुवर्षं जातात. हे कळल्यापासून मी कुठल्याही खोडाला हात टेकवून उभी राहत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिकडेच एका आंब्यापाशी आम्ही पोचलो, तर खोड माणसाच्या उंचीपर्यंत खरवडलेलं. झालरी तर नेल्याच होत्या, वर सालीचे पापुद्रेही निघाले होते. या झाडाचे फोटो आम्ही दर मोसमात काढत आलो होतो. हे कुठे जातं, हे कोणी कोणाला विचारलं नाही. आम्ही सगळे मराठी घरांतलेच होतो. दगडफूल मसाल्यात जातं.

संध्याकाळी मी तशीच चिडलेली दादाकडे गेले. आई दादा-वहिनीकडे राहते, आणि नेमका त्या दिवशी तिचा वर्षाचा काळा मसाला चालला होता. वहिनी तिच्या माहेरी गेली होती, दादा रविवार असूनही कामावर होता. ओट्यावर धने, तीळ, खोबरं, लवंग, नागकेशर भाजून वेगवेगळ्या ताटांत निवत ठेवलेलं. आईचा मसाला म्हणजे आमच्या घराण्याचा मान. तो दादाकडे, माझ्याकडे, येवल्याच्या मावशीकडे आणि शेजारच्या दोन घरांत जायचा. वाटी न घेता, तराजू न घेता, नुसत्या मुठीच्या अंदाजाने ती तो करायची, आणि दर वर्षी चव तीच. माप हा माझा धंदा आहे, पण ते मला कधी जमलं नसतं.

कढईत तेल तापलं होतं. तिने मूठभर दगडफूल उचललं आणि मी सुरू झाले. झाड कसं सोललं ते सांगितलं. एवढंसं वाढायला किती वर्षं लागतात ते सांगितलं. आणि शेवटी, आवाज चढवून, म्हणाले, "जीव आहे तो, आई. तू मूठभर जीव तळायला निघालीयस."

दिवेलागणीनंतर तुळशीचं पान न तोडणारी बाई ती. तिने मुठीकडे बघितलं. मग ते दगडफूल एका डब्यात परत ठेवलं आणि झाकण लावलं.

"मग काय टाकू याच्या जागी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, काही नको टाकूस, कोणाला कळणारसुद्धा नाही. मसाला तसाच कांडायला गेला. घरी जाताना मला फार बरं वाटत होतं, ते आठवलं की आता माझीच लाज वाटते.

पावसाळ्यात आम्ही पुन्हा पेठकडे गेलो. परत येताना भिजलेले, भुकेजलेले, रस्त्याकडेच्या एका हॉटेलात मिसळ खायला बसलो. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तेलाचा तवंग. पहिल्या घासालाच नाकाला तो ओळखीचा, ओल्या लाकडासारखा वास आला. मी दोनदा रस्सा मागून घेतला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यात माझा पाषाण तर रश्श्यात भिजलेला. संध्याकाळी फोनवर मी मिसळीचं सांगितलं, तेव्हा आईने सहज विचारलं, कशी होती, त्यात दगडफूल होतं का. मी म्हटलं, लक्ष नाही दिलं.

मग पोळा आला. आमच्याकडे आता बैल फक्त मातीचे, पण पुरणपोळी आणि आमटी ठरलेली. येवल्याहून मावशी आली होती. दादाने आमटीचा भुरका मारला आणि मीठ घेतलं. मग तिखट घेतलं. मावशीने वाटी खाली ठेवली. ती आईची धाकटी बहीण, तिला बोलायचा हक्क आहे.

"ताई, औंदा मसाल्याला चवच नाय. हात गेला गं तुझा."

दादा म्हणाला, त्यालाही महिनाभरापासून वाटत होतं, पण बोलला नव्हता. वहिनीने पानात बघितलं. आई म्हणाली, वय झालं आता, अंदाज चुकतो. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मला गप्प बसवत नाही म्हणून मी मघाशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या दिवशी मला दातखीळ बसली. आदल्या वर्षी एका लग्नात दादाने माझी ओळख "ही आमची बुरशीवाली" अशी करून दिली होती आणि अख्खा मांडव हसला होता. ते हसू मला पुन्हा नको होतं. शिवाय मला वाटलं, आईच सांगेल. ती सांगेना, तेव्हा मी पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं. त्यानंतर मी अनेक रविवारी त्या घरी जेवले, आणि आईचा हात गेल्याची गोष्ट दर वेळी कुणी ना कुणी काढली. भाजी खारट झाली तरी तेच कारण, भाकरी करपली तरी तेच. हळूहळू आई भाजी फोडणीला टाकताना वहिनीला हाक मारायला लागली, मीठ बघ गं म्हणून.

या उन्हाळ्यात मसाला वहिनीने केला. आईनेच प्रमाण सांगितलं, मुठींचं वाटीत उतरवून. धने इतके, तीळ इतके. दगडफूल एक वाटी, तिने न अडखळता सांगितलं. मी तिथेच होते. मला वाटलं, आता तरी ती माझ्याकडे बघेल. ती ताटं पुसत होती.

मसाला झकास उतरला. मावशीने फोन करून सांगितलं, सुनेने सासूचा हात उचलला. दादा म्हणाला, जुनी चव परत आली. वहिनीला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, तिच्या स्वयंपाकाला कोणी नावं ठेवली नाहीत, पण असं कौतुकही कधी केलं नव्हतं. ती दोन दिवस गुणगुणत होती. आणि कुठल्या तरी घाटात आणखी एक खोड बोडकं झालं असेल, त्याचा हिशोब मी कोणाकडे मागणार होते?

गेल्या महिन्यात एका रविवारी मी गेले, तर आई घरामागे शेवग्यापाशी उभी होती, हातात तांब्या. शेवग्याच्या खोडाला गजऱ्याचा पांढरा दोरा वेढून बांधला होता. दोऱ्याखाली काय होतं ते मी लांबूनच ओळखलं.

"डब्यात कोंडून ठेववंना," आई म्हणाली. "तू म्हणालीस ना, जीव हाय. गेल्या साली पोळा झाला तवाच बांधलं. रोज पाणी मारते. बघ, मऊ पडलंय, हिरवं बी दिसतंय. धरंल ना?"

पाण्याने ते मऊ पडलं होतं खरं. मी पिशवीतून भिंग काढलं. कडा तपकिरी होऊन कुजल्या होत्या. हो म्हणायला काय जात होतं माझं? पण एवढा काळ खोटेपणाने गप्प राहून झाल्यावर आणखी एक खोटं माझ्याच्याने होईना.

"नाही, आई. झाडावरून ओरबाडून वाळवलं तेव्हाच गेलं ते. दुकानात यायच्या आधीच."

तिने दोऱ्याची गाठ बोटाने चाचपून बघितली.

"म्हंजे मी कढई ठेवली व्हती, तवा ते मेलेलंच व्हतं?"

"हो."

"मग टाकू द्यायचं व्हतंस."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. आपण विकत घेतो म्हणून लोक झाडं सोलतात, हे उत्तर. ते खरंही आहे, आणि पुढच्या वेळी दुकानात उभं राहून तेच बोलायला हवं. पण तिने घेऊन ठेवलेल्या त्या मुठीला ते लागू नव्हतं. जन्मभर मापात काम करून मी एकदाच वाढवून बोलले, आणि तेच तिने खरं धरलं.

"मला वाटाया लागलं व्हतं," ती म्हणाली, "खरंच हात गेला माझा. दगडफूल नाय हे ठावं असून वाटाया लागलं."

मी फोन काढला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता दादाला सांगते, मावशीला सांगते, सगळा दोष माझा होता. आईने ओल्या हाताने माझं मनगट धरलं.

"नको. तिला आत्ता कुठं लोक म्हणाया लागलेत, हात हाय म्हणून. तू गप ऱ्हा."

तिने तांब्यातलं उरलेलं पाणी त्या दोऱ्यावरच ओतलं आणि आत गेली. गप्प राहा, हे ती मला लहानपणापासून सांगत आली आहे. मी फोन पिशवीत टाकला आणि तिच्या मागोमाग घरात शिरले. वहिनीने आमटी गरम करायला ठेवली होती, घरभर दगडफुलाचा वास सुटला होता. तिने पळीवर थोडी आमटी घेऊन माझ्यापुढे धरली आणि विचारलं, कशी झालीय. मी म्हटलं, छान झालीय, वहिनी, अगदी आईसारखी.