शीतलची रबरं

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, आणि ती आता नाही. दातांच्या कॉलेजात माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण आहे, तिच्यापाशी मी सासूपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं ओकते. हे एवढं सोडून. भोरच्या एसटी स्टँडवर उतरून तुम्ही नुसतं विचारा, वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या मॅडम कुठे बसतात. कुणीही जिना दाखवील. वर दोन चांगले शब्दही बोलेल — मॅडम कडक आहेत, पण हात चांगला आहे. ते चांगले शब्द ऐकले की मला हल्ली कुठेतरी निघून जावंसं वाटतं.

कुठून सुरू करू? दाढेपासून करते, तेच मला जमतं.

लोकांना वाटतं, आमचं काम पुढच्या दातांचं. फोटोत दिसतात ते. खरं काम मागे चालतं, जिथे कुणी बघत नाही. वरचे दात पुढे आलेले असले, तर ते मागे घ्यायला आधी जागा लागते. ती जागा करायची म्हणजे वरच्या दाढा मागे सरकवायच्या. दाढ म्हणजे अडेल जनावर, मुळं रोवून बसलेली. तारेवर स्प्रिंग बसवून तिला हळूहळू मागे रेटायचं, महिनोन् महिने. ती एकदा मागे गेली की पुढचे दात मागे ओढायचे, आणि ओढताना ती दाढ परत पुढे येऊ द्यायची नाही. त्यासाठी बारीक रबरं असतात, अंगठीपेक्षाही लहान. पेशंटने ती स्वतःच्या हाताने लावायची, जेवताना काढायची, जेवून परत लावायची. वरच्या सुळ्यापासून खालच्या मागच्या दाढेपर्यंत. म्हणजे वरचे दात मागे येतात, खालचे पुढे, आणि चावा जुळतो. उलट लावली — वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्याला — तर सगळं उलट होतं. ज्यांचा खालचा जबडा पुढे आहे त्यांच्यासाठी ती रीत. दाताला बरोबर-चूक कळत नाही. तुम्ही ज्या बाजूला ओढाल तिकडे तो जातो. हे वाक्य मी पेशंटना मोठ्या कौतुकाने ऐकवायचे. आता नाही ऐकवत.

शीतल पालीची. राजगडाच्या पायथ्याची पाली. घरची भातशेती, आणि शनिवार-रविवार गडावर येणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी करून घालायची. ती दहावीत असताना वडील तिला माझ्याकडे घेऊन आले. वडिलांना ती आण्णा म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. वरचे दात इतके पुढे, की ओठ मिटायचे नाहीत. ती बोलताना तोंडावर ओढणी धरायची. आण्णांना तिच्या लग्नाची काळजी होती. तिला स्वतःला मात्र नर्स व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी, आण्णा खाली चहाला गेल्यावर, तिने मला हळूच विचारलं, नर्सला असे दात चालतात का. मी हसले. चालतात की, म्हणाले, पण आपण सरळच करू. मला ती पोर तेव्हा फार आवडली होती. हेही सांगायलाच हवं, नाही का? आवडत नसती तर निदान काहीतरी कारण झालं असतं.

पालीहून ती जीपने नसरापूरला यायची, तिथून एसटीने भोरला. एकदाही चुकली नाही. तिच्या दाढा मागे नेताना मी जीव ओतला. छान गेल्या. जागा झाली. मग रबरांची वेळ आली.

तो बाजाराचा दिवस होता आणि बाहेर बाकावर माणसं दाटून बसली होती. शीतलच्या आधी मी खालचा जबडा पुढे असलेल्या एका पेशंटला रबरं लावून दाखवली होती. मग शीतल खुर्चीत बसली. मी आरसा तिच्या हातात दिला आणि तिलाही तशीच लावून दाखवली. हातानेच दाखवली, डोक्याने नाही. डोकं पुढच्या पेशंटकडे गेलं होतं. तिने माझ्यादेखत एकदा लावून बघितली. मी ‘छान’ म्हणाले. छान म्हणाले मी.

एवढंच असतं तर ती चूक होती. चुका होतात. तुम्हाला सांगायला बसले ती गोष्ट त्या चुकीची नाही, त्यानंतरची आहे.

पुढच्या खेपांना मला कळायला नको का? हवं होतं. कुणीही शिकाऊ डॉक्टर हेच विचारेल. पण माझ्या दवाखान्याची एक शिस्त आहे, मीच घालून दिलेली: खुर्चीत बसण्याआधी बेसिनपाशी जायचं, रबरं काढून टाकायची, चूळ भरायची, मग बसायचं. स्वच्छतेसाठी. त्यामुळे रबर लावलेलं तोंड मी बघतच नसे. आणि आमच्या धंद्यात आणखी एक सोय आहे. दात हवे तसे सरकले नाहीत, की पेशंट रबरं लावत नाही. बऱ्याचदा ते खरंही असतं. पोरं आळस करतात आणि तोंडावर खोटं बोलतात. तीन खेपा मी बघत होते, शीतलचे पुढचे दात जागचे हलत नव्हते, आणि मागे नेलेल्या दाढा पुढे येत होत्या. मी तारेला दोष दिला, मग तिला दिला. स्वतःला देण्याचं मनातसुद्धा आलं नाही.

पहिल्यांदा मी गोडीत विचारलं. ती म्हणाली, रोज लावते. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवला. ती म्हणाली, जेवण झालं की आधी रबरं लावते, मग भांडी घासते. तिसऱ्यांदा मी निरोप दिला, येताना आण्णांना घेऊन ये.

आण्णा आले. धुतलेला सदरा घालून, टोपी हातात धरून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी त्यांना तिच्या दातांच्या साच्यावर दाखवलं, दाढ कुठे होती, कुठे आली. मग मी जे बोलले ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मी म्हणाले, “तुमची मुलगी रबरं लावत नाही, आणि वर माझ्या तोंडावर खोटं बोलते.”

शीतल म्हणाली, “आण्णा, तुमची शप्पत, मी रोज लावती. मॅडम, लावून दाखवू का?”

मी म्हणाले, दाखवून काय होणार, दात दाखवतायत की.

आण्णांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं कधी कधी वाटतं — किती नीच आहे हे वाटणं, ते मला कळतं. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. तिच्यासाठी माफी मागितली. माझी. मग एसटी बघतो म्हणून खाली उतरले, तिच्याकडे न बघता.

ती खुर्चीतच होती. डोळे सुजले होते. मी कागदावर काहीतरी खरडत होते, आणि तिने मला न विचारता डबीतून रबरं काढली आणि लावली. आरसा नाही, काही नाही. चिमटीत धरलं, एका बाजूला अडकवलं, ओढून दुसऱ्या बाजूला. मग दुसरी बाजू. डोळ्यांतून पाणी चाललंय आणि बोटं आपलं काम करतायत. तसा हात रोज करणाऱ्याचाच असतो. मी वर बघितलं.

वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्याला.

बाजाराचा तो दिवस जसाच्या तसा समोर आला. पोरीने माझं काटेकोर ऐकलं होतं. जितकं मनापासून ऐकलं, तितके तिचे दात बिघडत गेले. तिने थोडा आळस केला असता तर मी मागे नेलेल्या दाढा वाचल्या असत्या — हे कुणाला सांगू?

आण्णा जिन्याखाली होते. खिडकीतून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आण्णा, वर या, चूक माझी आहे, पोर खरं बोलतेय. आठ-नऊ शब्दांचं काम होतं. मी खिडकीकडे गेलेसुद्धा. बाहेर बाकावर माणसं बसली होती, सगळी ओळखीची. दार उघडंच होतं.

मी परत आले आणि शीतलला म्हणाले, “आता पुढची पायरी सुरू. आजपासून रबरांची दिशा बदलायची.” तिला नवी रीत दाखवली. इतक्या सहज बोलले, की मला माझीच भीती वाटावी. तिने मान हलवली आणि विचारलं, आधीची पायरी पूर्ण झाली का मग. मी म्हणाले, नाही झाली, पण आता थांबून चालणार नाही.

बघा, इथेही तिच्याच माथी मारलं.

दात अर्थातच सुधारले. दाढा मी पुन्हा मागे नेल्या, तिला त्यासाठी आणखी वर्षभर तारा वागवाव्या लागल्या. ओठ मिटू लागले. ओढणी तोंडावरून गेली. बारावीच्या सुट्टीत आण्णा आंबेमोहोर तांदळाची पिशवी घेऊन आले. म्हणाले, तुमी त्या दिवशी खडसावलं म्हणून पोर वळणावर आली. मग खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, “तिला पुण्याला नर्सिंगला जायचंय. पर माझं मन धजंना. चार रबरं लावायचं जी खोटं सांगती, ती तिथं दुसऱ्याच्या जिवाला काय जपंल? तुमी शिकलेल्या, तुमी तिला बघितलीया. तुमीच सांगा, घालू का?”

मला विचारलं. सगळ्या जगात त्यांनी मला विचारलं. मी जे म्हणेन ते त्यांनी केलं असतं, शपथेवर सांगते. आणि मी काय म्हणाले? “तुम्ही घरचे. तुम्हाला जास्त कळतं.” तांदूळ घेतला. शिजवला. मुलांनी वास छान येतो म्हणून मागून खाल्ला.

ती पुण्याला गेली नाही. गावाकडेच बी.ए.ला नाव घातलं आणि ते पुरं व्हायच्या आत किकवीला लग्न झालं. मुलगा चांगला आहे म्हणतात, हायवेवरच्या कंपनीत जातो. तिचं वाईट झालं असं नाही. ‘वाईट झालं नाही’ हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल. पण तिला जे हवं होतं ते झालं नाही, ते माझ्यामुळे, आणि हे या जगात फक्त मला माहीत आहे.

मला वाटायचं, निदान तिला तरी माहीत असेल. तिचं तिला ठाऊक असेलच ना, की ती लावत होती? माझा राग करत असेल, मनात शिव्या देत असेल. त्या शिव्यांचा मला आधार होता.

गेल्या दिवाळीनंतर ती आली. नणंदेला घेऊन. नणंद पंधरा-सोळाची, दात पुढे. शीतल आता अंगाने भरली आहे, मोकळी हसते, दात सुरेख दिसतात. मी नणंदेला तपासलं, दाढा मागे न्याव्या लागतील म्हणाले, पुढे रबरं येतील म्हणाले. तेव्हा शीतल नणंदेजवळ वाकली आणि तिला समजावू लागली.

“मॅडम सांगतील तसंच करायचं बरं का. मी लई आळस केला तवा. रबरं लावायचीच न्हाई, आणि वर लावली म्हणून सांगायची. आण्णांना हितं मान खाली घालावी लागली माझ्यापायी. वर्ष वाया गेलं माझं.” मग माझ्याकडे बघून, जरा लाजून हसली. “व्हय की न्हाई, मॅडम?”

मी म्हणाले, “हो.”