कारागृहातून, प्लॉट नंबर चौदा

संभाजीनगरात बसून बांगलादेशचं राजकारण करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो आमच्या कॉलनीचा चेअरमन होता. मी त्या कॉलनीची सेक्रेटरी, त्यामुळे हे राजकारण मला फार जवळून, म्हणजे हातात रजिस्टर धरून, पाहावं लागलं.

त्याचं मूळ एका मच्छरदाणीत होतं. हे चेअरमन, म्हणजे सगळ्या कॉलनीचे काका, तरुणपणी पाटबंधारे खात्याच्या ट्रेनिंगला कलकत्त्याला गेले होते. तिकडे युद्धाची धामधूम, लॉज तुडुंब. मालकानं काकांच्या खोलीत ढाक्याहून पळून आलेला एक विद्यार्थी पुढारी आणून टाकला. मच्छरदाणी एकच. त्यानं विचारलं, "तुमच्याकडे पूर किती येतो?" काका म्हणाले, "पूर? आमच्याकडे नळालासुद्धा पाणी येत नाही." तो इतका हसला की मच्छरदाणी दोघांच्या अंगावर पडली. तिच्यात गुरफटून जी दोस्ती झाली ती, निदान काकांच्या बाजूनं, कायमची. तो पुढारी पुढे खासदार झाला, मंत्री झाला, पक्ष बदलून पुन्हा मंत्री झाला, मधूनमधून तुरुंगात गेला. त्याला काका आठवत होते की नाही, याची कुठे नोंद नाही. काका मात्र त्याला 'आमचे साहेब' म्हणत आणि साहेबांचं जे होईल ते स्वतःचं करून घेत. साहेब मंत्री झाले तेव्हा काकांनी चेअरमनपद घेतलं. साहेबांनी पक्ष सोडला तेव्हा काका सकाळच्या हास्यक्लबातून फुटून समोरच्या योगवर्गात गेले. साहेब विरोधी बाकांवर होते तोवर काकांनी प्रत्येक मीटिंगमधून सभात्याग केला, स्वतः बोलावलेल्या मीटिंगमधूनसुद्धा. मीटिंग त्यांच्याच गच्चीवर असायची, म्हणून ते जिन्यात जाऊन बसत आणि चहा आला की तिथून "माझ्यात साखर कमी" असं ओरडत. कॉलनीत पाण्याची बोंब झाली की समजूत घालत, "साहेबांच्या मतदारसंघात आज छातीइतकं पाणी आहे, ताई. सरासरी काढा. बरं चाललंय आपलं."

सरासरीवर हंडा भरत नाही. आमची कॉलनी बीड बायपासच्या पलीकडे ज्वारीच्या रानात प्लॉट पाडून वसलेली. पाइपलाइन दर वर्षी पुढच्या वर्षी येणार असायची. उन्हाळाभर टँकर, आणि टँकर मिळायचा तो चेअरमनच्या सहीच्या मागणीपत्रावर. धरण तळाला गेलेल्या एका वर्षी, ऐन मे महिन्यात, साहेबांना अटक झाली.

काकांनी त्याच दिवशी स्वतःला अटक करून घेतली. पुढच्या खोलीत सतरंजी, तांब्या, ॲल्युमिनियमची थाळी. दाराला आतून कुलूप. काकूंना भेटीची वेळ चार ते पाच. मी मागणीपत्र घेऊन गेले तर खिडकीच्या गजांमागून म्हणाले, "कैद्याची सही सरकारी कागदावर चालत नाही, ताई. उगाच तुम्ही गोत्यात याल."

टँकर चुकला. शेवटच्या प्लॉटवर पाचोडकडची एक बाई शेळ्या घेऊन राहायची, ती रिकामा हंडा घेऊन माझ्या दारात आली. "ताई, काका सुटनार कवा? माज्या शेळ्या लई तहानल्यात. त्यांनी कुनाचं सरकार पाडलं?" टँकरवाल्याचा फोन आला, "मॅडम, काका की बेल हुई क्या?"

मी वहीत उपाय लिहिले. एक, काकांचा राजीनामा. साहेबांनी दिलेला नाही, म्हणून बाद. दोन, नवा चेअरमन. नोटीस चौदा दिवसांची, घरोघरी पाणी दोन दिवसांचं, म्हणून बाद. तीन, साहेबांचं चरित्र वाचणे. काकूंकडून कात्रणांच्या फायली मागवल्या आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता खिडकीशी उभी राहिले.

"मागच्या तुरुंगवासात साहेब निवडणूक लढले होते ना?"

"लढले? आतून जिंकले!"

"मग अर्जावर सही कोणाची होती?"

काका सतरंजीवरून उठले. मग गजांतून हात बाहेर आला. "पेन द्या."

सहीखाली त्यांनी लिहिलं, 'कारागृहातून'. महापालिकेच्या खिडकीवरच्या क्लार्कनं ते दोनदा वाचलं. "मॅडम, चेअरमन हर्सूल जेलात आहेत?"

"नाही, प्लॉट नंबर चौदा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. टँकर आला, हंड्यांची रांग काकांच्या खिडकीखालून गेली, आणि काका मूठ उंचावून सगळ्यांना अभिवादन करत राहिले. लोक पाण्याला आले होते, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. शेळ्यांच्या बाईनं तर जाताजाता त्यांना नमस्कारही केला.

तेव्हापासून प्रत्येक सहीखाली एक ओळ यायला लागली. 'जामिनावर'. 'सत्तेत परत'. अलीकडे बहुधा 'प्रकृती तोळामासा'. क्लार्क शिक्का मारण्याआधी ती ओळ वाचून मान हलवायचा. मी रजिस्टरात तिच्यासाठी वेगळा रकानाच आखला.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर लागले. आता कॉलनीच्या दोन्ही बाजूंना शोरूम आहेत, पाइपलाइनही आली आहे, पाणी तेवढं यायचं आहे. मी कागद घेऊन गेले तेव्हा दार उघडंच होतं. काका हातातल्या मोबाइलकडे बघत बसले होते.

"साहेब गेले," ते म्हणाले. "चार ओळींची बातमी आहे." मग म्हणाले, "आता मी काय करायचं असतं, ताई? पुढचं काही कळलंच नाही त्यांच्याकडून."

यावर माझ्या वहीत काही नव्हतं. बाहेर हंडे रांगेला लागल्याचा आवाज येत होता, म्हणून शेवटी कागद पुढे केला. काकांनी सही केली. पेन तिच्याखाली बराच वेळ तसंच थांबलं, आणि मग त्यांनी कागद परत दिला.

क्लार्कनं तो उलटून पालटून पाहिला. "आज काही लिहिलं नाही त्यांनी?"

"आज सही तेवढीच आहे," मी म्हणाले. "शिक्का मारा."

त्यानं मारला, पण नेहमीसारखा दणकून नाही.