लगाम नसलेली गाडी

महाराजांच्या कारकिर्दीत मी एका सरदारांकडे कोचमन होतो. वीस वर्षं बग्गी हाकली, घोडा एकदाही हाताबाहेर गेला नाही, त्यामुळे अंगात तोरा होता. मग मालकांनी मोटार घेतली. दसऱ्यापासून त्यांची दोन लेकरं मोटारीनं शाळेत न्यायची आणि चालवायची मी, असं ठरलं.

शिकवायला मिरजेचे उस्ताद आले, वयानं माझ्याहून बरेच लहान. हातातलं चाक, पायाखालचा ब्रेक, भोंगा मी चार दिवसांत शिकलो. पाचव्या दिवशी कागलच्या रस्त्यावर त्यांच्या माणसानं झाडामागून कडब्याचं बुजगावणं अचानक पुढ्यात ढकललं. मी दोन्ही हातांनी चाक छातीकडे ओढलं आणि ओरडलो, "हो, हो, हो!" मोटार काय घोडा आहे ऐकायला? गेली वरून.

"मामा, मानूस मेला की," उस्ताद म्हणाले. "दचकला की तुमचं हात लगाम वडत्यात. पाय कुटं हुता?"

पाय कुठे होता ते मला आठवेना. मी घाबरलो तो त्यामुळे.

मग रोज दचकवणं सुरू झालं. कधी बुजगावणं यायचं, कधी कानाशी डबा वाजायचा. कधी काहीच व्हायचं नाही, त्या दिवशी मला जास्त घाम फुटायचा.

"दचकू नगा आसं म्या म्हनत न्हाय," उस्ताद सांगायचे. "मानूस दचकनारच. पर तवा तोंडानं 'पाय' म्हना."

मी घरीही 'पाय, पाय' पुटपुटू लागलो. बायको म्हणाली, "वहाणा हरवल्या काय?" तिला हसू यायचं, मला मालकांच्या लेकरांकडे बघवत नव्हतं. बुजगावणं अजूनही मधूनमधून चिरडलं जात होतंच.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी रंकाळ्याच्या कडेनं चाललो होतो. शेळीमागे पळत एक परकरातली पोर थेट मोटारीपुढे आली. हातांनी चाक ओढलंच, तोंडून "हो" निघालंच, आणि मग कसाबसा "पाय!" मोटार धक्का खाऊन थांबली. पोर दिसेना.

शेजारी पाहिलं, तर उस्तादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"मामा," ते तसेच म्हणाले, "पोरगी हाय न्हवं?"

मी जागचा हललो नाही. उठून बघायची छातीच होईना. तेवढ्यात मोटारीपुढून पोरीनं भोकाड पसरलं.

"हाय," मी म्हणालो.

उस्तादांनी हात काढले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते, आणि मलाही रडू आवरेना.