दगडाच्या अलीकडे

माझ्यासमोर कुणी तळ्याचा विषय काढला, की मी चहा टाकायला उठते. घरच्यांना वाटतं, आत्याला चहाचं वेड आहे. परवा भाचीनं सरळच विचारलं — मुलांना घेऊन दोन दिवस तंबूत राहायचंय, आत्या, तू शाळेची शिबिरं नेलीस, आपल्याकडे कुठलं तळं बरं? मी उठले, आधण ठेवलं, आणि त्यात चहा टाकायचाच राहून गेला. तिला मी काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी तेवढा भाग गाळत आले. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

आणीबाणी उठून दीड-पावणेदोन वर्षं झाली असतील. मी तेवीस वर्षांची, वसईतल्या मुलींच्या एका शाळेत नुकतीच लागलेली. नाताळच्या सुट्टीत आठवीच्या मुलींचं तीन दिवसांचं शिबिर न्यायचं ठरलं — तंबू, चुली, कवायत, आणि जवळ पाणी हवंच. जागा शोधायचं काम मुख्याध्यापिकांनी माझ्यावर आणि मार्था बाईंवर सोपवलं. मार्था बाई गणित शिकवायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आणि स्वतः पाहिल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या. माझ्यावर मात्र ठेवायच्या.

तीन जागा होत्या. चिंचोटीचा डोह देखणा, पण रानात, दगड शेवाळलेले, हाकेला माणूस नाही. नायगावकडचं तळं खाडीला इतकं लागून, की पाणी मचूळ आणि डासांचा कहर. तिसरं आमच्या गावचं तळं — वसईतल्या होळी नावाच्या वस्तीच्या पलीकडे, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमध्ये. काठावर चिंचांची सावली, प्यायला विहीर, घरं जवळ. तिन्हींत ते खरोखरच उजवं होतं. पण मला ते हवं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. मुलींनी माझं घर पाहावं, बाबांना गावात किती मान आहे ते पाहावं. नवी नोकरी, नवी साडी आणि डोक्यात हवा — दुसरं काय?

आता गाळाचं सांगायला हवं. इथेच मी दर वेळी अडखळते.

मे महिन्यात आमचं तळं आटायचं. मग घरोघरचे लोक गाळ काढून वाडीत टाकायचे, केळीला तो फार मानवतो. पण गावकीचा नियम होता — गाळ मधूनच काढायचा, हातभर खोल, काठाजवळ कुदळ लावायची नाही. काठाला बायका धुणं धुतात, गुरं उतरतात, पोरं डुंबतात. हा नियम पाळायला लावणारे माझे बाबाच. आदल्या वर्षी एका घरानं काठ खणला, तेव्हा बाबांनी त्यांची घमेली देवळात आणून ठेवली आणि सगळ्या गावासमोर त्या माणसाला खाली मान घालायला लावली होती.

आणि शिबिराच्या वर्षीच, मे महिन्यात, बाबा आठवडाभर आजोळी गेलेले असताना, माझ्या दादानं काठ खणला. आमच्या वाडीच्या कुंपणाआड, धुण्याच्या दगडाच्या अलीकडे. मधून काठापर्यंत घमेली वाहायचा त्याला कंटाळा. खड्डा त्याच्या डोक्याहून खोल गेला. तो बुजवायच्या आत वळीव कोसळला, तळ्यात पाणी धरलं आणि खड्डा दिसेनासा झाला. मी तो पाहिला होता. दादा म्हणाला, "बाबांना बोलू नको हां." मी बोलले नाही. भावाचं एक गुपित राखलं, एवढंच तेव्हा वाटलं.

डिसेंबरात मार्था बाई लांब बांबू आणि वही घेऊन तळं मोजायला आल्या. साडी खोचून त्या पाण्यात उतरल्या, तीन बाजू स्वतः मोजल्या. चौथी आमची. मी म्हटलं, "बाई, तुम्ही दमलात, सावलीत बसा. ही मी बघते." बांबू माझ्या हातात आला. मी उजवीकडून दगडापर्यंत गेले — पाणी कमरेपर्यंत. डावीकडे चार पावलांवर तो खड्डा होता. तिथे बांबू टेकवायचा होता, फक्त टेकवायचा. मी नाही टेकवला. का? बांबू आत गेला असता तर बाईंनी विचारलं असतं, बाईंनी विचारलं तर गावकीनं विचारलं असतं, आणि मग देवळात आमची घमेली — बाबांची मान खाली. शिवाय मी स्वतःला समजावलं, पावसानं भरून आला असेल. खरंच भरून आला असेल असं वाटत होतं, तर टेकवून का पाहिला नाही? याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी काठावर येऊन म्हटलं, "कमरेइतकं. मुलींना धुण्याच्या दगडापर्यंत जाऊ द्यायला हरकत नाही." मार्था बाईंनी लिहून घेतलं. "सगळीकडे मोजलंस ना?" मी हो म्हटलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करत असे, हेही तुम्हाला सांगून ठेवते.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर, मुली ताटं विसळायला पाण्यात उतरल्या. मी काठावर उभी होते. मंजुळा नावाची एक मुलगी होती, नायगावजवळच्या मिठागरावरची. अबोल, वेणी घट्ट बांधलेली, सांगितलेलं काम मुकाट्यानं करणारी. उजवीकडे गर्दी होती म्हणून ती डावीकडे गेली. मला हाक मारायला वेळ होता — हे मी वर्षानुवर्षं मनात मोजून पाहिलंय. वेळ होता. पण काय म्हणून हाक मारणार होते? तिथे जाऊ नको, तिथे काय आहे ते मला माहीत आहे, असं? मी हाक मारली नाही. ती दोन पावलं टाकून वाकली, आणि नाहीशी झाली. तिचं ताट तेवढं वर राहिलं.

मग मी ओरडले. दादा वाडीतून धावत आला आणि त्यानं उडी टाकली. त्याला शोधावं लागलं नाही. तो सरळ तिथेच गेला. तिला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो लोकांना म्हणाला, पोरगी दगडाच्या पलीकडे गेली होती. मीही तेच म्हटलं. दगडाच्या पलीकडे पाणी खोल आहे, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक. कुणी दुसरं काही विचारलंच नाही. पोलिसांनी तसं लिहिलं, मुख्याध्यापिकांनी तसं लिहिलं. मंजुळाच्या तुकडीतली एक मुलगी रडत रडत म्हणाली, "बाई, ती अलीकडेच होती." मी तिच्यावर खेकसले, "गप्प बस, तुला काय दिसतंय!" ती गप्प बसली. शिक्षिका होते ना मी.

संध्याकाळच्या सुमारास मंजुळाची आई आली. मिठागरावरून तशीच आलेली, पाय खारानं पांढरे. तिनं मला एकच विचारलं, "बाई, कवर गेलती?" मी तिच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "दगडाच्या पलीकडे. मी बजावलं होतं सगळ्यांना. तिनं ऐकलं नाही."

हा माझा गुन्हा. खड्डा दादानं खणला, बांबू मी टेकवला नाही — ते सगळं आहेच. पण एका ऐकणाऱ्या मुलीला मी न ऐकणारी ठरवलं, तीही अशा वेळी, की तिला उलट बोलता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादानं दगडमाती टाकून खड्डा बुजवला. बाबा शेवटपर्यंत मानानं जगले. मार्था बाईंनी मला धीर दिला — आपण मोजलं होतं गं, आपला इलाज नव्हता. त्या कित्येक वर्षं मंजुळाच्या नावानं चर्चमध्ये मेणबत्ती लावत. मी त्यांच्या शेजारी उभी राहायचे. मला तिथून पळून जावंसं वाटायचं, पण तेवढीही हिंमत नव्हती.

मंजुळाची आई पुढे वसईच्या बाजारात वालाचे दाणे विकायला बसू लागली. मी रस्ता बदलून पाहिला, पण तिनंच एकदा हाक मारली. माझ्या पिशवीत मापाबाहेर दोन मुठी दाणे टाकले आणि म्हणाली, "तुमचा काय दोस, बाई? पोर माजी ऐकनारी नव्हती. तिच्यापायी तुमाला तरास झाला, मनात ठेवू नका." ती माझी क्षमा मागत होती. मी मान हलवली. ते दाणे घरी आणले, सोलले, आमटी केली. आणि जेवले.

पुढच्या जूनमध्ये तिनं धाकट्या मुलीला शाळेतून काढलं. मी जाऊन विचारलं, तर म्हणाली, "ही पन तसलीच निघाली तर? पान्याजवळ नाय, लांब नाय, डोल्यासमोर असली म्हंजे बरं." धाकटी दाराआड उभी होती. आठ-नऊ वर्षांची, वेणी तशीच घट्ट. एक वाक्य बोलायचं होतं मला. ते बोलले असते तर ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली असती. मी पाणी प्यायले आणि निघाले.

दादा गेला. मार्था बाई गेल्या. मंजुळाची आईही गेली — माझी मुलगी ऐकत नव्हती, असं समजूनच. खरं काय ते सांगायला आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते.

मंजुळा दगडाच्या अलीकडे होती. मी सांगितलं होतं, तिथेच उभी होती.