नऊ नंबरचा कोट

सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी शिंपीणबाईंनी नऊ नंबरच्या हनुवटीतून कॉलरचं टोक चौथ्यांदा ओढून बाहेर काढलं. टोक बाहेर यायचं, पण पडद्यावरच्या बाईने मान वळवली की पुन्हा हनुवटीत शिरायचं. त्यांनी उजव्या मनगटाचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला आणि माऊस हातात घेतला. खोलीत अजून कोणी आलेलं नव्हतं. खालच्या मजल्यावर न्हाणीघराच्या फरश्या विकणाऱ्याने शटर वर केलं, तेवढाच काय तो आवाज.

शिंपीणबाई हे नाव ऑफिसने ठेवलेलं. खऱ्या सुईशी त्यांचा संबंध वर्षातून दोनदा येतो, नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं तर. नवरा शीतगृहात पाळीवर असतो आणि बटणं तोडण्यात पटाईत आहे. बाईंचं काम पडद्यावरचं. दूरच्या एका कंपनीचा ऑनलाइन खेळ आहे. लाखो माणसं त्यात शिरतात, कोणी तलवारबाज होतं, कोणी वैदू, कोणी सरळ चोर. लढाया होतात, राज्यं बुडतात. पण लोकांचा खरा जीव असतो कपड्यांत. कपड्यांनी तलवारीला धार चढत नाही की शत्रू घाबरत नाही, तरी दर महिन्याला नवा अंगरखा, नवी टोपी, नवा कोट आला नाही तर बोंब होते. ते कपडे खेळातल्या अंगांवर नीट बसवायचे, हे काम नऊ वर्षं बाईंकडे आहे.

खेळात अंगं अकरा. कपडा बेतलेला येतो तो फक्त एक नंबरच्या मापाचा. रुंद खांदे, बारीक कंबर. त्याला गोणपाट घातलं तरी शोभेल. ऑफिसात त्याला राजपुत्र म्हणतात. उरलेल्या दहा जणांसाठी संगणक तोच कपडा आपोआप ताणून देतो, पण तो बसतो कसा, तर थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला बसावा तसा. मग खांद्यातून हाड डोकावतं, बाहीतून कोपर. कापड म्हणजे हजारो ठिपक्यांचं जाळं. बाईंनी एकेक ठिपका धरून ओढायचा. काडी नावाचं एक अंग आहे, पैलवान आहे, आणि नऊ नंबरला मावशी. बुटकी, रुंद, पाठीत किंचित वाकलेली. इतर चौघांना मिळून जेवढा वेळ लागतो तेवढा एकट्या मावशीला लागतो.

मावशीचं नशीब आज ठरायचं होतं. सोमवारी वरून, म्हणजे खेळाच्या कंपनीकडून, पत्र आलं होतं आणि ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. नऊ नंबर निवडणारे शंभरात तीनही नाहीत आणि कपड्यांच्या निम्म्या तक्रारी तिच्या एकटीच्या. तेव्हा या महिन्याच्या लांब कोटाच्या तपासणीत नऊ नंबरच्या नावावर एक जरी चूक नोंदली गेली, तर पुढच्या हंगामापासून तिला नवे कपडे नाहीत. ज्यांनी तिला घेतली आहे त्यांच्याकडे ती राहील, आहे त्या कपड्यांत. तपासणी गुरुवारी दुपारी चारला बंद. आज गुरुवार.

बाईंनी खरं तर देव पाण्यात बुडवून बसायला हवं होतं, की नोंदली जाऊ दे एक चूक. काम जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने हलकं झालं असतं. सलग सोळा दिवस त्या कामावर येत होत्या आणि उद्या शुक्रवारी त्यांची रजा होती. रजेचा बेत एकच: झोपणे. त्यासाठी खिडकीला जाड पडदा शिवून घेतला होता, शिंप्याकडून. तो शिंपी म्हणाला होता, एवढ्या जाड कापडाने दिवसा रात्र होईल. बाई म्हणाल्या होत्या, तीच तर हवी आहे.

घोडं अडत होतं ते घरी. त्यांचे सासरे तीन वर्षांपासून हा खेळ खेळतात आणि त्यांनी निवडलेलं अंग आहे नऊ नंबर. सासऱ्यांनी एकतीस वर्षं एका इमारतीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून माणसं वरखाली केली. खेळातही ते लढत नाहीत. मावशीला आज कुठला कपडा घालायचा याचा तासभर विचार करतात, मग तिला बाजारातल्या विहिरीच्या कठड्यावर नेऊन बसवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना लिहून नमस्कार करतात. अर्धा बाजार त्यांना ओळखतो. बाईंनी एकदा विचारलं होतं, बाबा, राजपुत्र सोडून हीच का घेतली? ते म्हणाले, बुटकी आहे गं, तिच्या डोक्यावरून पुढचं सगळं दिसतं.

पत्राबद्दल बाईंनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

अकरा वाजता तपासनीस आला. त्याचं टोपणनाव भिंग. पंचविशीचा, जिभेला हाड नसलेला, पण नजर अशी की भिंतीतली मुंगी मोजेल. त्याच्याकडे वरून आलेली सहा ओळींची यादी असते: उभं राहणे, चालणे, धावणे, उडी, तलवार उपसणे, मरून पडणे. प्रत्येक अंगाला कोट घालून तो या सहाही गोष्टी करून बघतो. मावशीला त्याने दोनदा मारून पाहिलं. कॉलर हनुवटीत गेली नाही. बाई पाणी प्यायला उठल्या आणि परत येईपर्यंत त्याने तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली होती.

“मेल्यावर काय रुबाबदार दिसते हो ताई तुमची मावशी,” तो म्हणाला. बाराच्या आत अकराही अंगं पास झाली. बाईंनी खुर्चीची पाठ मागे केली. या खुर्चीचं एक चाक चिकटपट्टीने बांधलेलं आहे, त्यामुळे फार मागे जाता येत नाही.

एक वीसला, डबा खाताना, सासऱ्यांचा फोन आला. तो रोज येतो. काडेपेटी कुठे आहे, गॅसवाला आला होता, वरच्यांच्या नळाचं पाणी गळतंय. आज या सगळ्यांनंतर ते सहज म्हणाले, “सूनबाई, तुझ्या त्या मागच्या कोटात मावशी बसली की पोकळ दिसते गं. मांडीच्या जागी विहिरीचे दगड. आज एक जण मला विचारत होता, आजी, तुमचं निम्मं अंग कुठाय?”

तक्रार केलीत का, असं बाईंनी विचारलं. ते म्हणाले, छे, आपल्या घरचंच काम, तक्रार कसली करायची. आणि तक्रारीचं बटण त्यांना सापडलंही नव्हतं.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. चूक काय आहे हे त्यांना पडद्याशी न जाता कळलं होतं. लांब कपड्याखाली अंग डोकावू नये म्हणून या धंद्यात सगळेच एक युक्ती करतात: कपड्याने जेवढं झाकलं जातं तेवढं आतलं अंग बंद करून टाकायचं. एका चौकटीत खूण केली की दिवा मालवावा तसा कंबर ते गुडघा माणूस नाहीसा होतो, वर कोट तेवढा राहतो. अंगच नाही तर डोकावणार काय? उभ्या माणसाला ते चालून जातं. पण माणूस बसला की कोट पुढून फाकतो आणि आत कोणी नसतं. बसणं खेळात आलं गेल्या हंगामात. भिंगाची यादी त्याच्या आधीची. आणि नवा कोट बाईंनी त्या मागच्या कोटाच्याच फाइलवर बेतला होता, खुणेसकट.

त्यांनी नवा कोट मावशीला चढवला, तिला कठड्यावर बसवलं आणि समोरून पाहिलं. कोटाची पाठ आतून दिसत होती, अस्तराच्या रंगासकट. मध्ये दगड.

वाजले होते एक पन्नास. पास झालेली फाइल तपासनिसाने चूक नोंदवल्याशिवाय उघडत नाही, आणि न उघडता तशीच सोडली तर उद्या ती लाखो लोकांसमोर जाणार. बाई भिंगाकडे गेल्या आणि सांगितलं. त्याने मावशीला बसलेली पाहून एक लांब शीळ घातली आणि नोंदीचा कागद पडद्यावर उघडला. तो लिहिताना ओठ हलवतो. बाईंना ओठांवरून वाचता आलं: नऊ नंबर, बसल्यावर पोकळ.

“पंधरा मिनिटांचं काम आहे ताई,” तो म्हणाला. “मावशीपुरतं अंग चालू करा, मी पुन्हा पास करतो. उद्या तुम्ही खुशाल घोरा. पुढच्या हंगामापासून मावशीची कटकटही नाही. तुमच्या हातालाही आराम.”

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. बाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मनगटात ठणका होता, तो आता कोपरापर्यंत आला होता. पंधरा मिनिटं म्हणजे सव्वादोन. सव्वादोनला सगळं संपलं असतं.

“थांब,” त्या म्हणाल्या. “राजपुत्राला बसव.”

“तो कशाला बसेल? त्याला राज्य सांभाळायचंय.”

“बसव तर खरं.”

भिंगाने राजपुत्राला कठड्यावर बसवलं. त्याच्या मांड्या लांब, त्यामुळे कोट जास्त फाकला. मावशीच्या पोटातून चार दगड दिसत होते, राजपुत्राच्या आरपार सबंध विहीर. भिंगाने काडीला बसवलं, मग पैलवानाला. एकेकाला कोट घालून, विहिरीवर नेऊन, बसवून, फिरवून पाहायला तीन वाजले. अकरापैकी आठ जण पोकळ होते. तिघांचा कोट आखूड पडत असल्यामुळे ते वाचले.

बाईंनी ती खूण मावशीवर केलीच नव्हती. मूळ फाइलवर केली होती, तिच्यातून अकराही निघाले होते. नोंदीच्या कागदावर यासाठी वेगळा रकाना असतो. चूक एका अंगावर असेल तर अंगाचा नंबर, एकाहून जास्त अंगांवर असेल तर “मूळ कपडा”, आणि पुढे बसवणाऱ्याचं नाव. नऊ वर्षांत त्या रकान्यात बाईंचं नाव कधी आलं नव्हतं. मूळ कपडा उघडला की अकराही अंगं नव्याने बसवायची आणि नव्याने तपासायची, हाही नियम.

भिंगाने मॅडमना बोलावलं. मॅडम वाईट नाहीत. सकाळपासून त्यांच्या हातातला चहा तिसऱ्यांदा गार झाला होता. त्यांनी राजपुत्राच्या आरपार विहीर पाहिली, मग घड्याळ पाहिलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की कोट एक दिवस पुढे ढकलायचा म्हणजे वर फोन करावा लागणार, आणि विहिरीवर बसतं कोण? नऊ नंबरपुरतं लिहून आज संपवता येतं.

“हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता बाई?” मॅडम म्हणाल्या. “आणि उद्या तुमची रजा आहे.”

“मॅडम, खूण मी केली. नऊ नंबरने नाही.”

बसणारा कोणी बाईंच्या ओळखीचा आहे का, असं मॅडमनी विचारलं. बाई म्हणाल्या, माझे सासरे आहेत, पण राजपुत्रवालेही कधीतरी दमतीलच की. भिंग हसला आणि लगेच थांबला. मॅडम फोन करायला आत गेल्या. काचेतून त्यांचं डोकं हलताना दिसत होतं, आधी आडवं, मग बराच वेळ उभं.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी भिंगाने रकाना बदलला. नऊ नंबर खोडलं, मूळ कपडा लिहिलं, पुढे बाईंचं नाव. नाव लिहिताना त्याने स्पेलिंग विचारलं, कारण इतकी वर्षं तोही शिंपीणबाईच म्हणत आला होता. चारला तपासणी बंद झाली तेव्हा मावशीच्या नावावर चूक शून्य होती. याचा अर्थ ती कायमची वाचली असा नाही. वरून कळलं ते एवढंच, की नऊ नंबरचा विचार पुढच्या हंगामाच्या शेवटी पुन्हा होईल. कोट शनिवारी निघेल. रजेचा अर्ज मॅडमनी परत दिला, पुढची तारीख रिकामी ठेवून.

बाई घरी पोहोचल्या तेव्हा सासरे संगणकापुढेच होते. मावशीला त्यांनी आज कोट काढून जुना तपकिरी झगा घातला होता आणि तिला बसवायचं सोडून उभी केली होती. लोक फार विचारतात म्हणाले. बाईंनी सांगितलं, दोन दिवस उभीच राहू द्या, शनिवारी बसवा. उद्या रजा नाही हेही सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही; लिफ्टच्या नोकरीत त्यांच्या स्वतःच्या किती रजा अशा गेल्या होत्या याची त्यांनाही मोजदाद नव्हती.

“मग किती वाजता उठवू?” एवढंच विचारलं.

“पाचला.”

नव्या कोटाला किती बटणं आहेत, असं त्यांनी थोड्या वेळाने विचारलं. बेचाळीस, बाई म्हणाल्या. सगळी उघडतात का? सगळी. म्हातारे खूश झाले.

बाईंनी मनगटाचा पट्टा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि जाड पडदा एका बाजूला सारून ठेवला; उद्या दिवसा रात्र करायची नव्हती. भिंगाच्या यादीत आता सातवी ओळ आहे: बसणे. उद्याची तपासणी अकराला सुरू होते, आणि पहिली बस पाच पन्नासला सुटते.