ब्रेकचा दिवा आणि तात्यांचा पाय

मोटार गॅरेजात आणली की मागचा दिवा विझलेला, आणि रस्त्यावर गेली की लागलेला. नगर-कर्जत सर्व्हिसची ती जुनी अमेरिकन मोटार मी पुन्हा एकदा पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, तेव्हा मालक माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

“मिस्त्री, काल एक मिल्ट्रीचा लॉरीवाला स्टँडवर येऊन शिव्या घालून गेला. म्हणाला, तुमचा लाल दिवा नगरपासून मिरजगावापर्यंत विझतच नाही. तुम्ही थांबणार कधी, हे मला कसं कळावं?”

त्याचं खरं होतं. लढाईचे दिवस होते आणि त्या रस्त्याला लष्करी लॉऱ्यांची रीघ लागलेली असे. ब्रेकवर पाय दिला की मागे दिवा लागायचा, पाय काढला की विझायचा, एवढंच त्या स्टॉप लाइटचं काम. पेडलला एक बारीक स्प्रिंग बांधलेली असते. ती काड्यापेटीएवढा एक स्विच ओढते. दिवा लागूनच राहिला तर खोट ठरलेल्या जागीच सापडते. एक तर स्विच आतून चिकटतो, नाही तर सोललेली वायर शेजारच्या वायरीला लागते, नाही तर पेडल वर आणणारी मोठी स्प्रिंग ढिली पडते.

मी सगळं करून बसलो होतो. नवं सामान त्या काळात मिळायचं नाही, म्हणून मोडीतल्या गाडीचा स्विच काढून बसवला. वायर बदलली. स्प्रिंगही घट्ट केली. पेडल दाबून सोडलं की दिवा शहाण्यासारखा विझायचा. गाडी कर्जतला जाऊन आली की तीच तक्रार. मला माझ्याच हातांचा राग यायला लागला होता.

शेवटी एका दुपारी मी स्वतःच त्या मोटारीत मागच्या बाकावर जाऊन बसलो. दिवस कलला तशी मागची धूळ लाल दिसायला लागली. रस्ता सरळ होता आणि पुढे चिटपाखरू नव्हतं. ब्रेक लावायचं काही कारणच नव्हतं, तरी धूळ लालच होती.

मिरजगावला मी पुढे तात्यांच्या शेजारी येऊन बसलो. तात्या म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. सर्व्हिस सुरू झाल्यापासून त्यांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती, आणि कर्जतच्या बाया तात्या गाडीवर आहेत का ते विचारून मगच पोरं गाडीत चढवायच्या. मी गाडी सुटल्या सुटल्या खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर टेकलेला होता. गाडी हाताच्या थ्रॉटलवर चालली होती, म्हणजे पेट्रोल पायाऐवजी हाताच्या दांडीने सोडलेलं.

“तात्या, पाय ब्रेकवर आहे तुमचा.”

“न्हाई वो.” त्यांनी खाली पाहिलं आणि ओशाळून पाय काढला. पुढच्या बाभळीपर्यंत पाय बाजूला राहिला, मग आपसूक परत पेडलवर गेला.

खोट सापडली म्हणून क्षणभर मला आनंद झाला. मिस्त्रीची जात अशीच. कर्जतला उतारू उतरून गेले तरी तात्या स्टिअरिंग धरून बसून राहिले, आणि तो आनंद तिथेच संपला.

“मिस्त्री, बैलगाडी पार जवळ आल्याबिगर दिसत न्हाई मला. आदी नुसतं धुरकट. म्हून पाय तितंच राहतोय.”

“डॉक्टरला डोळे दाखवले का?”

“दावलं की लायसन गेलं. गाडी सोडून मला दुसरं काय येतंय?”

मी त्यांना सांगूनच मालकांकडे गेलो. वाटलं, मालक त्यांना स्टँडवर तिकिटांना बसवतील, डोळ्यांचा इलाज करवतील. मालकांनी सगळं ऐकून घेतलं.

“मला काय हे ठाऊक नाही? बरे ड्रायव्हर सगळे मिल्ट्रीत गेले. मी दुसरा आणू कुठून? बल्ब काढून टाका.”

“मालक, बल्ब काढून पाय निघत नाही.”

“तक्रार दिव्याची आहे, दिव्याचं बोला.”

मी बल्ब काढणार नाही म्हणालो. मग मालकांनी स्वतः रुमालात धरून बल्ब फिरवून काढला आणि कोटाच्या खिशात टाकला. तक्रार बंद झाली.

त्यानंतरच्या एका बाजारच्या दिवशी मिरजगावाजवळ शेरडांचा कळप आडवा आला. त्या दिवशी तात्यांना तो वेळेवर दिसला. त्यांनी गाडी अशी सफाईने थांबवली की एका शेरडालाही धक्का लागला नाही. मागून येणाऱ्या लॉरीला मात्र काहीच कळलं नाही. ती मागच्या बाकात घुसली. भाजी घेऊन निघालेल्या एका बाईचा पाय गुडघ्यापासून चेचला, आणि तो पुढे कापावा लागला.

अपघाताच्या सरकारी चौकशीच्या आदल्या दिवशी तात्या गॅरेजात आले.

“साहेबाला डोळ्याचं सांगू नगा.”

“मग बल्ब मालकांनी काढला, एवढं तरी सांगतो.”

“का काढला म्हून इचारतील. फिरून डोळ्यावरच येतंय ते. बल्बापायी लायसन गेलं म्हनू द्या, मिस्त्री. तात्या आंधळा हुता म्हनू देऊ नगा.”

चौकशीच्या साहेबांनी मला दोनच प्रश्न विचारले. दिवा लागत होता का? नव्हता. गाडी सुटण्याआधी दिवा तपासायचं काम कोणाचं? मी तात्यांकडे पाहिलं. ते माझ्या आवाजाच्या दिशेने मान करून बसले होते.

“ड्रायव्हरचं,” मी म्हणालो.

तात्यांचं लायसन तिथल्या तिथे गेलं. मालक तोच कोट घालून खिडकीतून बाहेर बघत होते. बाईचा नवरा दाराशी उभा होता. त्याला कोणी काही विचारलंच नाही.

पुढे लढाई संपली. मिल्ट्रीतून सुटून आलेला एक तरणा ड्रायव्हर त्या मोटारीवर लागला. नवा बल्ब मीच बसवला. दिवा लागावा तेव्हा लागायचा आणि विझावा तेव्हा विझायचा. तात्या स्टँडवरच्या लिंबाखाली बसून इंजिनाच्या आवाजावरून मोटार ओळखायचे, आणि मी दिसलो, म्हणजे माझा आवाज ऐकला, की विचारायचे, “दिवा बराबर हाय का आता?” मी हो म्हणायचो.

पुढे माझ्या हाताखाली तयार झालेल्यांना मी एवढं सांगत आलो, की ब्रेकचा दिवा लागून राहिला तर आधी स्विच बघा, मग वायर, मग स्प्रिंग, आणि सगळं ठीक निघालं तर ड्रायव्हरचा पाय बघा. पाय सापडल्यावर पुढे काय करायचं, ते मात्र मला कधीच सांगता आलं नाही.