डाव्या कानाचा दाखला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं संध्याकाळी फिरायला जातो, त्या मित्रांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता माझाच आवाज मला ऐकवत नाही, म्हणून.

आवाजाचं आधी सांगतो. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. आयुष्यभर मेडिकलच्या मुलांना शिकवलं, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी माझी जुनी विद्यार्थिनी गौरी घरी आली. ती आता स्वतः शिकवते. कान तपासायला शिकवण्यासाठी तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा एक प्रोग्राम तयार केला होता. डोळ्यांवर मोठा गॉगल चढवायचा, की समोर तपासणीची खोली दिसते, स्टुलावर पेशंट बसलेला दिसतो. हातातल्या यंत्रानं त्याची कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, कानात पाहायचा ऑटोस्कोप हळूच आत सरकवायचा. जास्त रेटला तर पेशंट कळवळतो. आमच्या वेळी खरी माणसं कळवळायची. मला ते काम मनापासून आवडलं, खोटं कशाला सांगू?

गौरी म्हणाली, "सर, त्यात एक केस तुमची आहे. वर्गात सांगायचात ना, परभणीकडची बाई, कानफटात मारलेली? ती तुमच्याच आवाजात हवी."

मी आवाज दिला. नाही म्हणता आलं असतं.

उद्घाटनाला पहिला गॉगल मलाच चढवला. समोर हिरव्या लुगड्यातली एक बाई. मी पाळी ओढली, आत पाहिलं. पडदा फाटलेला, कडा वेड्यावाकड्या, एका कडेला रक्ताचा ठिपका. मग प्रश्न उमटला — इजा ताजी की जुनी? मी 'ताजी' निवडलं. आणि कानात माझा आवाज आला : "बरोबर. माझ्यावर दबाव होता, तरी दाखल्यावर मीही हेच लिहिलं होतं."

टाळ्या वाजल्या. मी बराच वेळ गॉगल काढला नाही.

मी ते लिहिलं नव्हतं.

थांबा, नीट सांगतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, अठ्ठ्याहत्तरच्या त्या पावसाळ्यातली गोष्ट. मराठवाड्यात जागोजागी दलितांची घरं जळत होती. मी पंचविशीतला, परभणी जिल्ह्यातल्या एका गावी सरकारी दवाखान्यात नवाच लागलेला. गावातले मोठे शेतकरी दादाराव — त्यांच्या घराच्या माळवदावरच्या खोलीत राहत होतो. जेवण त्यांच्याकडंच. त्यांच्या घरचा मुलगा असावा, तसं मला त्यांनी ठेवलं होतं.

एके सकाळी बौद्धवाड्यातली एक बाई दवाखान्यात आली. मजुरीला जाणारी, चाळिशीची. वर्गात मी तिचं नाव कधी घेतलं नाही, 'एक बाई' म्हणायचो. गयाबाई. तिचं नाव गयाबाई होतं. तिचा मुलगा अशोक परभणीला कॉलेजात शिकत होता. सुट्टीला आल्यावर त्यानं शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं — नामांतर झालंच पाहिजे. त्याला शोधत दादारावांचा पुतण्या दारात आला. गयाबाई उंबरठ्यात आडवी उभी राहिली. त्यानं तिच्या कानशिलात लगावली. उजव्या हाताची, म्हणून डावा कान.

"तवापासनं कानात शिट्टी वाजायलीय, साब," ती म्हणाली. "ह्या बाजूनं कायबी ऐकू येईना. पोलिसांनी दाखला आना म्हनलंय. जे हाय ते लिवा. जास्तीचं नगं, कमीबी नगं."

मी आत पाहिलं. मला नीट दिसलं नाही असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण उजेड चांगला होता, कान स्वच्छ होता. जुन्या आजारानं पडलेलं भोक गोल असतं, कडा गुळगुळीत असतात, कान वाहत असतो. इथं वेड्यावाकड्या कडांवर रक्त होतं. पुस्तकातलं उत्तर असावं, तितकं उघड. दाखल्यात इजा ताजी लिहिली तर पुतण्यावरचा गुन्हा मोठा, जुनी लिहिली तर काहीच नाही — हेही मला ठाऊक होतं. मी तिला म्हणालो, दाखला संध्याकाळपर्यंत तयार ठेवतो.

दुपारी दादाराव जिना चढून खोलीवर आले. बाजेवर टेकले. म्हणाले, "डॉक्टर, त्या बाईचा कान ल्हानपणापासनं वाहतो म्हनं. तुमी तर बघितलाच असंल." ते उठले. "वांगी केल्यात आज. खाली या जेवाया."

एवढंच. धमकी नाही, खोली सोडा नाही, बदली करवतो नाही. मी धमकीची वाट पाहत होतो — खरंच पाहत होतो. ती आली असती तर आज तुम्हाला सांगायला काहीतरी असतं.

मी कागद ओढला आणि लिहिलं : डाव्या पडद्याला जुनं छिद्र. जुनाट आजार. ताज्या इजेची खूण नाही. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. मग खाली जाऊन जेवलो.

केस परभणीला उभी राहिली तोवर दीड-दोन वर्षं गेली होती. माझी बदली झाली होती. साक्षीला बोलावलं. वकिलानं विचारलं, छिद्र जुनं होतं? मी म्हणालो, "हो." पुतण्या सुटला.

बाहेर पायऱ्यांवर गयाबाईनं मला गाठलं. अशोक तिचा हात धरून ओढत होता, "चल माय, कशाला बोलतीस त्याला?" ती रागावलेली नव्हती. तिला फक्त कळत नव्हतं.

"साब, तुमी आत बघितलं व्हतं ना?"

मी म्हणालो, माझी गाडी आहे. ती मान वळवून उजवा कान पुढं करत होती, माझं बोलणं ऐकू यावं म्हणून. मी ते पुन्हा बोललोसुद्धा — जरा मोठ्यानं — माझी गाडी आहे.

इथंच संपलं असतं तर तो नुसता भ्याडपणा झाला असता. पण पुढं मी शिकवायला लागलो. एकदा वर्गात ताजं छिद्र आणि जुनं छिद्र समजावून सांगत होतो. एका मुलीनं विचारलं, "सर, कुणी दबाव आणला तर?" आणि माझ्या तोंडून गयाबाईची गोष्ट बाहेर पडली. शेवट तेवढा बदललेला. त्या पोरांनी माझ्याकडं कसं पाहिलं! तसं कुणी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी मी पुन्हा सांगितली. मग दरवर्षी. दादारावांच्या तोंडी धमकी घातली, त्यांच्यासोबत काठ्या घेतलेली चार माणसं उभी केली. गयाबाईच्या तोंडी आभार घातले. कल्पना करा — मी तिला माझे आभार मानायला लावले. किती वर्षं? मोजलेली नाहीत. आणि मजा अशी, की मुलं त्या गोष्टीमुळं फरक पक्का शिकली. गौरीही त्यातलीच.

गयाबाई मला एकदाच पुन्हा दिसली. चौऱ्याण्णव साली, विद्यापीठाचं नाव अखेर बदललं त्या वर्षी, पूर्णेच्या स्टेशनवर. मी गाडी बदलायला उतरलो होतो. ती बाकावर बसली होती, केस पांढरे झालेले. शेजारी रेल्वेच्या वर्दीतला अशोक, आणि पाच-सहा वर्षांची नात. पोर तिच्या डाव्या बाजूला बसून काहीतरी विचारत होती, पुन्हापुन्हा, पदर ओढून. गयाबाई समोर रुळांकडं बघत होती. शेवटी अशोकनं पोरीला उचललं आणि आजीच्या उजवीकडं बसवलं. मग दोघी हसत बोलायला लागल्या.

मी बॅग उचलली आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो, पाठ करून.

गौरीला मी अजून काही बोललेलो नाही. मुलं रोज गॉगल चढवतात. ज्याचं उत्तर बरोबर येतं, त्याला मी शाबासकी देतो.

गयाबाई आहे की गेली, मला माहीत नाही. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये अशोकचं नाव विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. गाडीनं काही तासांचा रस्ता आहे. मी गेलो नाही.